काचेच्या पेटीचा हट्ट

“दीड किलोचंच आहे हो बाळ, मग पेटीत का नाही ठेवलं?” नवजात विभागाच्या दाराशी हा प्रश्न सारखा कानावर येतो. सुरात काळजी असते, तशी तक्रारही. सरकारी दवाखाना, पेट्या कमी, म्हणून आईच्या अंगावर भागवतायत, असा पक्का समज. मग कुणीतरी सोनं मोडायची भाषा काढतं, गाडी ठरते आणि आईच्या छातीशी उबेत असलेलं बाळ चादरीत गुंडाळून शहरातल्या ‘पेटीवाल्या’ हॉस्पिटलकडे निघतं. वाटेत ते गार पडतं, आणि गार पडणं हेच तर टाळायचं होतं.

अडीच किलोच्या आतलं बाळ कमी वजनाचं. २०२० साली जगात अशी जवळपास २ कोटी बाळं जन्मली, म्हणजे सातातलं एक, असा जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफचा अंदाज आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत भारतात वजनाची नोंद असलेल्या बाळांपैकी १८ टक्के या गटात होती. काही दिवस भरण्याआधी आलेली, काही पोटात नीट न वाढलेली, काही दोन्ही. त्वचा पातळ, चरबी नावाला आणि वजनाच्या मानाने अंगाचा पृष्ठभाग मोठा. त्यामुळे पातेल्यातल्यापेक्षा कपातला चहा लवकर निवावा तशी ही बाळं निवतात. मग अंगातली साखर आणि ऑक्सिजन ऊब धरण्यातच खर्ची पडतो. बाळ मलूल होतं, ओढून पीत नाही, साखर आणखी उतरते.

पेटी ऊब देते, एवढंच. दूध देत नाही. आणि जिल्हा रुग्णालयात ज्याला सगळे पेटी म्हणतात ते बहुतेक वेळा वरून उष्णता देणारं उघडं वॉर्मर असतं; काविळीच्या निळ्या दिव्याखालचं बाळही नातेवाइकांच्या लेखी ‘पेटीत’च असतं. गर्दीच्या विभागात एकाच वॉर्मरवर दोन-दोन बाळं झोपवली की एकाचा जंतुसंसर्ग दुसऱ्याला, हे वेगळं सांगायला नको.

कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ साली नेमकी हीच अडचण होती: पेट्या अपुऱ्या, संसर्गाने बाळं दगावतायत. एडगर रे या डॉक्टरांनी बाळं आयांच्या छातीशी द्यायला सुरुवात केली. कांगारू पद्धत ती हीच. तिची सुरुवात टंचाईतून झाली हे खरं, आणि ‘गरिबांची सोय’ हा शिक्का तिथूनच बसला. पण २०२१ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेला अभ्यास वाचल्यावर तरी तो शिक्का पुसायला हवा. घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया इथली पाच रुग्णालयं; आपल्याकडचं दिल्लीचं सफदरजंग. १ किलो ते १.८ किलोच्या आतली तीन हजारांवर बाळं. एका गटात आईला नवजात विभागातच खाट दिली आणि जन्मानंतर लगेच बाळ तिच्या छातीशी दिलं, दिवसाचे साधारण १७ तास. दुसऱ्या गटाला वॉर्मर-पेटीची नेहमीची काळजी आणि बाळ स्थिरावल्यावर आई. पहिल्या २८ दिवसांत दुसऱ्या गटातली १५.७ टक्के बाळं गेली, पहिल्यातली १२ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधी थांबवला गेला. नीट लक्षात घ्या, हरलेल्या गटाकडे यंत्रं होती!

याचा अर्थ यंत्रं फेकून द्या असा नाही. स्वतःहून श्वास घेऊ न शकणाऱ्या बाळाला यंत्र लागणारच. पण सलाइन किंवा नाकात ऑक्सिजनची नळी आहे म्हणून आईपासून तोडायचं, हे बरोबर नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये जन्मानंतर लगेच, दिवसाचे ८ ते २४ तास, ही पद्धत सुचवली ती दवाखान्यासाठीही आणि घरासाठीही.

करायचं काय, तर बाळाला लंगोट, टोपी आणि मोजे. बाकी अंग उघडं. आईच्या दोन्ही स्तनांच्या मध्ये उभं, बेडकासारखे पाय दुमडून, मान एका बाजूला वळवून, नाक-तोंड मोकळं. वरून मऊ सुती कापड घट्ट बांधायचं आणि आईने टेकून, अर्धवट पाठ उंच करून बसायचं. आईला आंघोळीला, जेवायला जायचं असेल तर बाप किंवा आजी. छाती कुणाचीही चालते.

नातेवाइकांवर चिडून तरी काय करणार? आईने बाहेरच्या ओट्यावर बसायचं आणि भेटीची वेळ झाली की दोन मिनिटं काचेतून बघायचं, हे आमच्याच विभागांनी वर्षानुवर्षं शिकवलंय. आईला खाट नाही, टेकायला खुर्ची नाही, बाळंतिणीला विभागात जेवण नाही. अशा ठिकाणी १७ तासांची गोष्ट कोण ऐकणार?

“घरी गेल्यावर काय?” हरियाणात फरीदाबाद आणि पलवल जिल्ह्यांत आठ हजारांवर कमी वजनाच्या बाळांपैकी साधारण निम्म्यांच्या घरी कांगारू पद्धत शिकवली गेली, बाकीच्यांच्या तुलनेत त्यांच्यातले सहा महिन्यांपर्यंतचे मृत्यू सुमारे चतुर्थांशाने घटले. तो अभ्यास २०१९च्या ‘लॅन्सेट’मध्ये आहे. गडचिरोलीत तर ‘सर्च’ या संस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवून, पेटीशिवाय, नवजात मृत्युदर निम्म्याहून खाली आणला होता, १९९०च्या दशकातच.

बाकीचे समज झटपट. सातव्या महिन्यातलं बाळ जगतं, आठव्यातलं नाही: साफ चूक, पोटात जितके आठवडे जास्त तितकी जगण्याची शक्यता जास्त. पहिला पिवळट चीक जड, पिळून टाकावा: तीच पहिली लस समजा, टाकू नका. मध किंवा गुटी बोटाने चाटवावी: नको, आईचंच दूध, ओढता येत नसेल तर काढून वाटी-चमच्याने. जन्मल्या जन्मल्या आंघोळ: निदान पहिले २४ तास नाही, आणि बाळ फार लहान असेल तर वजन वाढेपर्यंत थांबा.

‘आमच्यात बाळं लहानच असतात’ याला मात्र दोन ओळी जास्त द्यायला हव्यात. पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो निघालं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. पुण्याजवळची बाळं नुसती छोटी नव्हती, त्यांचे स्नायू कमी आणि त्या मानाने कातडीखालची चरबी टिकून होती. त्याच गावांत गरोदरपणी पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा खाणाऱ्या आयांची बाळं वजनाला बरी भरली. तेव्हा सुनेच्या ताटातली भाजी ‘बाळ मोठं झालं तर बाळंतपण जड जाईल’ म्हणून कमी करणाऱ्या सासूबाईंनी ती परत वाढावी.