आरपीएम कित्ता?

सिकंदराबादच्या राणीगंजात मोटर भरून देणाऱ्यांची दुकानं आहेत. जळालेला पंप घेऊन शेतकरी जिथे येतात, तशाच एका दुकानात मी आणि भाचा उभे होतो. भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. पवनचक्कीचा जनरेटर त्याला स्वतःच्या हातांनी करायचा होता आणि कॉइली भरायला जाणता माणूस हवा होता. वयस्कर मिस्त्रींनी कागदावरचं चित्र उलटसुलट करून पाहिलं, तारेचा गेज विचारला, आणि मग म्हणाले, "वो सब ठीक है बेटा, आरपीएम कित्ता?"

भाचा गप्प. मीही गप्प.

पंपाची मोटर मिनिटाला १४४० फेरे घेते, छताचा पंखा साडेतीनशेच्या आसपास. मिस्त्रींना हे आकडे पाठ होते, कारण तारेचे वेढे त्यावरच ठरतात. आमचं चाक किती फिरणार याचं उत्तर आमच्या कागदावर नव्हतं. ते हैदराबादच्या वाऱ्यावर अवलंबून होतं, आणि त्या वाऱ्याची मोजणी आम्ही केलेली नव्हती. पुढचे कित्येक महिने आम्ही त्या एका प्रश्नामागे हिंडलो. हा लेख त्यातूनच आला आहे.

गणित तसं सोपं आहे. चाकाचा व्यास १.८ मीटर धरू, म्हणजे टोकाचा घेर साधारण ५.६५ मीटर. चांगल्या तीन पात्यांच्या चाकाचं टोक वाऱ्याच्या सहा-सात पट वेगानं पळतं. वारा सेकंदाला ३ मीटर असेल, म्हणजे झाडाची पानं सळसळतील इतपत, तर टोक सेकंदाला २१ मीटर जाईल आणि चाक मिनिटाला सुमारे २२० फेरे घेईल. एवढ्या फेऱ्यांत जनरेटरनं बॅटरीपेक्षा जास्त व्होल्ट दिले पाहिजेत, नाहीतर चाक फिरत राहील आणि बॅटरीत थेंबही पडणार नाही. बॅटरीचे १२.६ व्होल्ट, वर डायोडच्या ब्रिजमध्ये वाया जाणारे १.४. एकूण १४. लहान यंत्रात ते १.४ व्होल्ट फार महाग पडतात. मिळकतीचा दहावा हिस्सा दारातच द्यावा लागतो.

कॉलेजांतले बरेचसे पवनचक्की प्रकल्प इथेच अडकतात. बाजारात मिळणारी छोटी मोटर हजार-दीड हजार फेऱ्यांसाठी घडवलेली असते. तिला पीव्हीसी पाइप कापून केलेली पाती लावली जातात आणि परीक्षेच्या दिवशी समोर मोठा पंखा लावून एलईडी पेटवून दाखवला जातो. मुलांची मेहनत खरी असते, पण गच्चीवरच्या वाऱ्यात ती मोटर निम्म्या फेऱ्यांनाही पोचत नाही. गिअर लावावा तर झुळकेत जी थोडकी ताकद असते ती दात्यांच्या घर्षणातच जिरते. हळू फिरूनही पुरेसा दाब देणारा जनरेटर मुळापासूनच बांधायला हवा.

तो कसा बांधावा हे जगाला शिकवणारा माणूस स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावर स्कोरेग नावाच्या द्वीपकल्पावर राहिला. ह्यू पिगट हे त्याचं नाव. तिथे विजेच्या तारा पोचल्या नव्हत्या, म्हणून १९७० च्या दशकात त्यानं भंगारातून पवनचक्क्या करायला घेतल्या. आधी गाडीचे ब्रेकड्रम वापरले, पुढे सपाट चकत्या. स्कॉटलंडचा या विद्येशी जुना संबंध आहे. १८८७ साली जेम्स ब्लाइथ या प्राध्यापकानं मेरीकर्क गावातल्या आपल्या सुट्टीच्या घरामागे कापडी शिडांची चक्की उभारली, बॅटऱ्या भरल्या आणि घरात दिवे लावले. उरलेली वीज त्यानं गावाला देऊ केली; गावकऱ्यांनी ती सैतानाची करणी म्हणून नाकारली.

पिगटच्या रचनेत लोखंडाच्या दोन चकत्या समोरासमोर असतात. आमच्या मापाच्या चाकाला प्रत्येक चकतीवर आठ चुंबक, उत्तर-दक्षिण असे आळीपाळीनं चिकटवलेले. मधल्या फटीत तांब्याच्या सहा कॉइली, रेझिनमध्ये ओतून पक्क्या केलेल्या. फिरतात त्या चकत्या. कॉइली जागच्या हलत नाहीत. कॉइलींत लोखंडाचा गाभा नसल्यामुळे चुंबक कुठे अडकून बसत नाहीत आणि चाक हलक्या झुळकेतही सुरू होतं. पाती लाकडाची, रंध्यानं आणि पटाशीनं घडवलेली. बुंध्याशी रुंद आणि तिरपी, टोकाशी अरुंद आणि जवळजवळ सपाट, कारण टोकाचा वेग बुंध्याच्या कितीतरी पट असतो. आपल्याकडे ऑरोव्हिलमधली 'मिनवायू' ही मंडळी याच रचनेच्या चक्क्या बांधतात आणि बांधायला शिकवतात. तमिळमध्ये 'मिन' म्हणजे वीज. नाव वाचून मला फार आनंद झाला होता.

मिस्त्रींनी कॉइली सुबक भरून दिल्या. जोडण्या आम्ही घरी केल्या आणि तिथे चूक झाली. लेथवर यंत्र २२० फेऱ्यांवर फिरवलं, तर दोन फेजला व्होल्ट नीट येत होते आणि तिसऱ्याला चक्क शून्य. तार तुटलेली नव्हती, मीटर ठीक होता. दोन दिवस डोकं खाजवल्यावर उलगडा झाला. एका फेजमध्ये दोन कॉइली एकामागे एक जोडलेल्या असतात. त्यातली एक उलटी जोडली गेली होती. एक जेवढं देत होती तेवढंच दुसरी काढून घेत होती. नशीब एवढंच की रेझिन ओतायच्या आधी तपासलं. पुढे दोन चकत्या एकमेकींजवळ आणताना भाच्याची करंगळी मध्ये सापडली आणि नख काळंनिळं झालं. त्या चुंबकांची ओढ हातानं आवरत नाही. चकत्या नेहमी आटेदार सळ्यांवर, नट फिरवत फिरवत, केसाकेसानं खाली घ्याव्या लागतात.

त्या चुंबकांबद्दल थोडं सांगायलाच हवं. निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचा हा मिश्रधातू १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा यांनी आणि त्याच सुमारास अमेरिकेत जनरल मोटर्सच्या संशोधकांनी शोधला. त्याच्या आधी घरगुती जनरेटरला फेराइटचे जाड, जड ठोकळे लागत. हैदराबादचंही या विषयात नाव आहे. कांचनबागेतल्या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेत, म्हणजे डीएमआरएलमध्ये, दुर्मीळ मृदा चुंबकांवर वर्षानुवर्षं काम झालं, आणि विशाखापट्टणमला आयआरईएलच्या कारखान्यात समेरियम-कोबाल्ट चुंबक बनतात त्यामागे याच प्रयोगशाळेचं तंत्र आहे. आमचे आठ-आठ चुंबक मात्र परदेशी होते. ते आपल्याकडचे असते तर मला जास्त बरं वाटलं असतं.

यंत्र झालं. आता वारा.

वाऱ्यातली ताकद त्याच्या वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. वेग दुप्पट झाला तर ताकद आठपट, निम्मा झाला तर आठवा हिस्सा. म्हणून नुसती सरासरी फसवते. अर्धा तास २ मीटरचा वारा आणि अर्धा तास ६ मीटरचा, सरासरी ४. चारचा घन ६४. पण २ आणि ६ यांच्या घनांची सरासरी ११२ येते. कमाई झोतांत असते आणि झोत टिपायचे तर मिनिटामिनिटाची नोंद हवी. त्यात हैदराबाद समुद्रसपाटीपासून सुमारे ५४० मीटर उंच आणि बारा महिने उबदार. इथली हवा पातळ. ३० अंश तापमानाला तिची घनता पुस्तकातल्या १.२२५ ऐवजी १.०९ च्या जवळपास येते. दहा-अकरा टक्के ताकद तिथेच गेली. जर्मनीतला बेट्झ नावाचा शास्त्रज्ञ शंभर वर्षांपूर्वी सांगून गेला आहे की वाऱ्यातल्या ताकदीपैकी ५९.३ टक्क्यांहून जास्त कोणतंही चाक काढू शकत नाही. घरच्या यंत्राला, सगळी गळती धरून, पाव हिस्सा मिळाला तरी हात चांगला म्हणायचा.

भारतातला वारा मोजण्याचा पाया घालणाऱ्या बाई आपल्या पुण्यात वावरल्या. ॲना मणी १९४८ मध्ये पुण्याच्या वेधशाळेत रुजू झाल्या आणि हवामानाची उपकरणं देशातच बनावीत म्हणून त्यांनी जवळजवळ शंभर उपकरणांचे आराखडे पक्के करून घेतले. निवृत्तीनंतर डी. ए. मुळे यांच्यासोबत त्यांनी भारतातल्या पवनऊर्जेच्या नोंदींचा ग्रंथ १९८३ मध्ये सिद्ध केला, आणि बंगळुरूला वारा व ऊन मोजणारी उपकरणं बनवणारं छोटं वर्कशॉप चालवलं. देशातल्या उंच पवनचक्क्यांचं कौतुक करताना त्यांची आठवण फार थोड्यांना होते. मला ती गोष्ट बोचते.

या नोंदींतूनच कळलं की वारा कुठे आहे आणि कुठे नाही. कोकणातून सह्याद्री चढून आलेला पावसाळी वारा साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या सड्यांवर मोकळा वाहतो, म्हणून तिथे चक्क्यांचं रान उभं राहिलं आणि महाराष्ट्राची पवनक्षमता ५,००० मेगावॅटच्या पुढे गेली. तेलंगणात ती कित्येक वर्षं १२८ मेगावॅटच्या आसपासच आहे. हैदराबादेत वारा खरा येतो तो जून ते ऑगस्ट, पश्चिम-नैऋत्येकडून. दसरा-दिवाळीला तो असा पडतो की गच्चीवरचं वाळवण उडत नाही.

आमची गच्ची बरकतपुऱ्यात, तिसऱ्या मजल्यावर. आधी वाटलं, एवढी उंच गच्ची असताना खांब कशाला? उत्तर इथल्या पतंगबाजांकडे होतं. संक्रांतीला सगळं शहर गच्चीवर असतं. पतंग कठड्यापासून वर जाताना गिरक्या खातो, डावीउजवीकडे लोळतो. मुलं हिसके देत देत त्याला वर काढतात, आणि एका उंचीला तो एकदम शांत उभा राहतो. ती उंची म्हणजे घरांनी घुसळलेल्या वाऱ्याची हद्द. आम्ही लांब बांबूला हातहात अंतरावर रिबिनी बांधून पाहिलं. खालच्या रिबिनी क्षणाक्षणाला दिशा बदलत होत्या, एक तर पाण्याच्या टाकीमागे उलटीच उडत होती. अशा वाऱ्यात चाकाला दिशाच सापडत नाही. ते सारखं वळत राहतं आणि बेअरिंग झिजतात.

ब्रिटनमध्ये याची रीतसर चाचणी झाली आहे. वॉरिक चाचण्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कामात इमारतींवर बसवलेल्या २६ लहान चक्क्या तपासल्या गेल्या. अहवाल २००९ चा. बंद पडलेले दिवस धरून एका चक्कीनं दिवसाला सरासरी २१४ वॅट-तास दिले, पाव युनिटहूनही कमी. एकीची कमाई तर तिच्याच इलेक्ट्रॉनिक्सच्या खर्चाला पुरली नाही. आमच्या चाकाचा हिशेब मांडला तर वर्षाची सरासरी ३ मीटर धरून, मोकळ्या वाऱ्यात, सव्वाशे युनिटच्या आसपास येतात. हैदराबादच्या उन्हात शंभर वॅटचं एक सौर पॅनेल वर्षाला तेवढं देतं, तेही न फिरता आणि न झिजता.

हा हिशेब पाहून भाच्याचा चेहरा पडला. मी त्याला म्हटलं, गच्ची सोड, यंत्र सोडू नकोस. आषाढात आठ-आठ दिवस ढग हटत नाहीत, पॅनेल मलूल होतं, आणि नेमका तेव्हाच वारा भरात असतो. रात्रीही असतो. जहिराबादच्या बाजूला, बीदरच्या पठारालगत आमच्या नात्यातल्यांची जमीन आहे. लाल जांभ्याचा उघडा माळ, पश्चिमेला अडवायला ना घर ना झाड.

"मग मामा, लगेच चढवू या का?" त्यानं विचारलं.

लगेच नाही. लोड तुटलेलं चाक वाऱ्यात मोकळं सुटतं. सेकंदाला १२ मीटरच्या वाऱ्यात टोकाचा वेग ताशी ३०० किलोमीटरवर जातो, आणि लोड नसेल तर त्याच्याही पुढे. म्हणून तीनही फेज एकत्र शॉर्ट करून चाक थांबवणारा स्विच खांबाच्या पायथ्याशी हवा. जोराच्या वाऱ्यात चाकाला बाजूला वळवणारी घडीची शेपटी तोलून घ्यायला हवी. बॅटरी भरली की जादा वीज जिरवायला हीटरची कॉइल हवी. खांब चाळीस फुटी, चारी बाजूंनी ताण दिलेला, आणि बिजागरीवर आडवा करता येईल असा, म्हणजे दुरुस्तीला कुणाला वर चढावं लागणार नाही.

शिवाय चाचणी म्हणजे चाक फिरतं का एवढंच पाहणं नव्हे. चाकाच्या उंचीलाच वारा मोजायचा, लहान यंत्रांसाठी मिनिटाची सरासरी घ्यायची, त्याच मिनिटाचे व्होल्ट आणि अँपिअर लिहायचे. मग नोंदी अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या कप्प्यांत टाकायच्या: ३ ते साडेतीनचा एक, साडेतीन ते ४ चा दुसरा. प्रत्येक कप्प्यात पुरेशी मिनिटं साठली की यंत्राचा खरा आलेख उमटतो. मिस्त्रींच्या प्रश्नाचं उत्तर त्या आलेखात असेल, आणि कॉइलींचे वेढे चुकले असतील तर तेही.

खांब उभा राहिला आहे. जनरेटर घरी, गोणपाटात गुंडाळून पलंगाखाली आहे. पाती माळ्यावर, जवसाच्या तेलाचे दोन हात देऊन ठेवलेली. शेतावरच्या खांबाच्या टोकाला सध्या तीन वाट्यांचा वायुवेगमापक तेवढा फिरतो आहे. एक पावसाळा त्यानं लिहून काढला. पुढचा मृग येईपर्यंत वर्ष भरेल. भाचा दर महिन्याला जाऊन कार्डावरच्या नोंदी उतरवून आणतो आणि परतताना राणीगंजात थांबतो. मिस्त्रींनी भिंतीवर खडूनं आमच्यासाठी एक रकाना आखला आहे. वर 'आरपीएम' लिहिलंय, खाली जागा मोकळी ठेवलीय.