नळाचं, बोअरचं आणि जारचं

लातूरच्या रिंग रोडपलीकडच्या नव्या वस्तीत घर बघायला आलेला माणूस हॉल-किचनच्या आधी विचारतो, "बोअर किती फुटांवर लागलाय?" सहाशे, आठशे, कुठे हजार असं उत्तर येतं. मग दुसरा प्रश्न, "पाणी जड आहे का हो?" त्याला घरमालकाचं उत्तर ठरलेलं असतं: "वापरायला चालतंय."

इथल्या प्रत्येक घरात पाण्याची खाती वेगळी असतात. बोअरचं पाणी धुण्याभांड्याला. नळाला ज्या दिवशी येईल त्या दिवशी भरून ठेवलेलं स्वयंपाकाला. प्यायला वीस लिटरचा जार, नाहीतर घरचा आरओ. नळाला रोज पाणी येण्याची सवय या शहराला फार वर्षांपासून नाही. २०१६ च्या मार्चमध्ये इथे पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावली होती. धनेगावचं मांजरा धरण आटलं होतं. १२ एप्रिलला मिरजेहून कृष्णेचं पाणी घेऊन पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या. ते दिवस पाहिलेल्यांच्या तोंडून पाण्याच्या दर्जाची तक्रार लवकर निघत नाही. आधी येऊ तर द्या, मग बघू, अशी वृत्ती होते. ती मला समजते, पण त्या वृत्तीपायी बरंच तपासायचं राहून जातं.

माझं माहेर नांदेड, सासर लातूर. माहेरी विष्णुपुरीचं, म्हणजे गोदावरीचं पाणी. तिथे डोक्याला शिकेकाई लावली की दोन तांब्यांत केस मोकळे होतात. इथे बोअरच्या पाण्यानं न्हायलं तर केसांचा झाडू. साबणाला फेस येत नाही, बादलीत नुसती राखाडी साय तरंगते. ही साय म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून झालेला चोथा. हे दोन क्षार जितके जास्त तितकं पाणी जड.

आणि डाळ! लातूर ही तुरीची मोठी बाजारपेठ, डाळ मिलांचं गाव, पण बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ पाच शिट्ट्या झाल्या तरी टणक राहते. डाळीच्या पेशी पेक्टिननं एकमेकींना चिकटलेल्या असतात. शिजताना हे पेक्टिन सुटायला हवं, तिथे कॅल्शियम येऊन ते अधिकच घट्ट बांधून टाकतं. खायचा सोडा चिमूटभर टाकला तर डाळ मऊ होते, पण तिच्यातलं ब-१ जीवनसत्त्व जातं. आमच्या सासूबाई वरणापुरती नळाच्या पाण्याची कळशी झाकून ठेवतात आणि त्या कळशीला कुणी हात लावला तर घर डोक्यावर घेतात.

जडपणा येतो खडकातून. लातूर जिल्हा जवळजवळ सगळा काळ्या पाषाणावर, लाव्हाच्या थरांवर बसलेला. या दगडातल्या खनिजांत कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर, वरच्या मातीत चुनखडी. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं आणि दगडातलं हळूहळू विरघळवत जातं. जितकं खोल आणि जितकं जुनं पाणी, तितका त्याचा दगडाशी सहवास जास्त. म्हणून वीस हाताच्या विहिरीचं पाणी आणि आठशे फुटांच्या बोअरचं पाणी एकाच अंगणात असूनही सारखं नसतं. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा, जास्त खोलीची विहीर 'खोल' मानून शेती आणि उद्योगासाठी ती नव्यानं घ्यायला मनाई केलेली आहे. आमच्याकडे दोनशे फुटांवर बोअरवाला गाडीसुद्धा बंद करत नाही.

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे गल्लीतली माणसं कोल्ड्रिंकच्या बाटलीत पाणी भरून आणतात. "मॅडम, क्षार किती बघा की." प्रॅक्टिकल संपल्यावर मी बघते. पन्नास मिली पाणी, त्यात रंगद्रव्याची चिमूट. पाणी दारूसारखं लाल होतं. ब्युरेटमधून ईडीटीएचं द्रावण थेंबथेंब सोडत राहायचं. लालचं जांभळं होतं आणि मग एका थेंबाला स्वच्छ निळं. आमच्या द्रावणाचा एक मिली म्हणजे लिटरमागे २० मिलिग्रॅम जडपणा. माहेरून येताना बाटलीत आणलेलं नळाचं पाणी दहा मिलीच्या आसपास निळं झालं. आमच्या बोअरच्या पाण्याला तीसच्या पुढे जावं लागलं. भारतीय मानकाप्रमाणे २०० मिलिग्रॅमपर्यंत उत्तम, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचं. म्हणजे आमचं 'वापरायला चालतंय' काठावरून घसरलेलं.

पण घसरलं म्हणून भिण्याचं कारण थोडंच आहे. मुतखडा पाण्यातल्या क्षारानं होतो हा आमच्याकडचा पक्का समज. जागतिक आरोग्य संघटनेनं मात्र जडपणाला आरोग्याच्या कारणावरून मर्यादाच घातलेली नाही. मे महिन्यात बेचाळीस अंशांत कोचिंगच्या वर्गात दिवसभर बसायचं आणि पाणी प्यायचं टाळायचं, हे मुतखड्याला जास्त पोषक. जड पाण्याचा खरा भुर्दंड गीझरला. पाणी तापलं की त्यातलं बायकार्बोनेट फुटतं आणि कॉइलवर पांढरा थर चढतो. प्लंबर ॲसिड ओततो, त्यात थराबरोबर नळाची चकाकीही जाते. लिंबूसत्त्व कोमट पाण्यात घालून तासभर ठेवलं तरी काम होतं. तुरटीनं गढूळपणा बसतो, जडपणा कमी होत नाही.

माझी तक्रार अशी की पांढरा थर डोळ्यांना दिसतो म्हणून सगळी भीती त्याच्याच वाट्याला येते. नायट्रेटचा थर बसत नाही. आमच्यासारख्या वाढीव वस्तीत भुयारी गटार नाही, प्रत्येक घराचा शोषखड्डा, आणि त्याच्यापासून पंधरा-वीस फुटांवर बोअर. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आणि तिला सवलत नाही. तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद त्यानं घटते. पाणी उकळलं तर नायट्रेट उलट दाटतं.

फ्लोराइडची गंमत तर क्रूर आहे. नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे काळा पाषाण संपून ग्रॅनाइट लागतो, आणि फ्लोराइड अशा खडकात आढळतं. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर ते फ्लोराइडला बांधून खाली बसवतं. त्यामुळे जिथे फ्लोराइड जास्त, तिथलं पाणी पुष्कळदा हलकं असतं. साबणाला छान फेस, डाळ झटकन शिजते, आणि दात पिवळे-तपकिरी पडत जातात.

नळाच्या पाण्याचाही धोका क्षाराचा नाही. पाणी आठवड्यातून एकदा सोडलं की बाकीचे दिवस पाइप रिकामे असतात. रिकामा पाइप जिथे फुटलेला असेल तिथून नालीचं पाणी आत ओढतो. म्हणून नळ आला की पहिली दहा मिनिटं वाहू द्यावीत, ते झाडांना घालावं. टाकी धुवावी. पाण्यात टीसीएलचा पुसट वास असला तर नाक मुरडू नये. शिल्लक क्लोरीन लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी हवाच. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्यावर जीबीएसचे, म्हणजे गुलियन-बॅरे सिंड्रोमचे, रुग्ण वाढले तेव्हा बातम्यांत 'नांदेड' ऐकून नातेवाइकांनी आईला फोन केले. ते नांदेड गाव पुण्याजवळचं. पण घाबरण्याचं कारण बरोबर होतं. तिथे संशय दूषित पाण्यावर होता, क्षारावर नव्हता.

आरओ घेऊ नका असं मी म्हणत नाही. आमच्या बोअरला तो लागतोच. पण घरगुती यंत्र एक लिटर देताना दोन-तीन लिटर बाहेर टाकतं. राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तिथे आरओवर बंदी घालायला सांगितलं, ते याच कारणानं. ते बाहेर पडणारं पाणी फरशीला तरी वापरावं.

वर्गातली मुलं बाहेरगावची, 'लातूर पॅटर्न'साठी आलेली, मेसमध्ये जारचं पाणी पिणारी. जुलैत तीन-चार जणांना एकदम जुलाब लागले, तेव्हा मी एच-टू-एसच्या बाटल्या मागवल्या. पाणी भरून उबदार जागी दिवस-दोन दिवस ठेवायचं, मैल्याचे जंतू असतील तर ते काळं पडतं. एकीत मेसच्या बोअरचं पाणी भरलं, दुसरीत जारचं. दुसऱ्या दिवशी सकाळी जारची बाटली काळी, बोअरची जशीच्या तशी.

मेसवाल्या भाऊंना दाखवली. त्यांनी खिशातून टीडीएस मीटर काढला, जारच्या पाण्यात बुडवला आणि आकडा माझ्यासमोर धरला. "मॅडम, पन्नासच्या आत आहे बघा. याच्याहून शुद्ध काय असतंय?"

"भाऊ, हा मीटर क्षार मोजतोय," मी म्हटलं. "जंतू त्याला दिसत नाहीत."

त्यांनी मीटर पुसून पुन्हा खिशात ठेवला आणि विचारलं, "मग ते दाखवणारा मीटर कुठं मिळंल?"