काचेवरचा साक्षीदार

पुण्यात लक्ष्मी रोडवर स्कूटरला रिक्षाचा नुसता धक्का लागला, तरी पाच मिनिटांत वीस माणसं जमतात. त्यातल्या पंधरांनी काहीही पाहिलेलं नसतं, पण चूक कुणाची याबद्दल सगळ्यांचं मत मात्र ठाम असतं! अमेरिकेत नेमकं उलटं. चौकात दोन गाड्या आदळतात, बाकीची वाहतूक शांतपणे बाजूनं निघून जाते आणि मागे उरतात दोन ड्रायव्हर व दोन इन्शुरन्स कार्डं. दोघंही म्हणतात, "माझा दिवा हिरवा होता." पोलीस येऊन रिपोर्ट लिहितो, पण धडक त्यानंही पाहिलेली नसते. त्यातून आपली मंडळी नुकती देशातून आलेली असली, तर घाबरलेल्या अवस्थेत इंग्रजी नेमकं तेव्हाच रुसून बसतं.

म्हणून काचेला चिकटवायचा छोटासा कॅमेरा, म्हणजे डॅश-कॅम, हल्ली घरोघरी दिसू लागला आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत आम्ही मंडळातल्या सात-आठ गाड्यांना हे कॅमेरे बसवले. काम दोन तासांचं आहे. पण बसवण्यापेक्षा तो नीट लावून ठेवणं जास्त महत्त्वाचं, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

साक्षीदार हवा कशाला, असं कुणी विचारील. व्हर्जिनिया, मेरीलँड, नॉर्थ कॅरोलायना आणि अलाबामा या राज्यांत अजून जुना नियम आहे: अपघातात तुमची एक टक्का चूक ठरली, तरी समोरच्याकडून भरपाई मागण्याचा हक्क बहुधा जातो. कॅलिफोर्नियात तसं नाही. तिथे चुकीच्या प्रमाणात भरपाई कमी होते. दोन्हीकडे प्रश्न एकच, की नेमकं काय घडलं? रशियात याच भांडणांपायी लोकांनी गाड्यांत कॅमेरे लावले होते. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी चेल्याबिन्स्क शहरावर उल्का फुटली, तेव्हा याच कॅमेऱ्यांनी ती टिपली आणि शास्त्रज्ञांनी त्या चित्रणावरून तिचा मार्ग काढला. इन्शुरन्ससाठी लावलेला कॅमेरा खगोलशास्त्राच्या कामी आला!

आता खरेदी. शंभर-दीडशे डॉलर्समध्ये पुढचा-मागचा असा जोड कॅमेरा मिळतो. टेक्सास, ॲरिझोनासारख्या तापणाऱ्या प्रदेशात राहणाऱ्यांनी आत लिथियम बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर असलेला घ्यावा. उन्हात बंद गाडीची भट्टी होते आणि तशा उष्णतेत लिथियम बॅटरी फुगते. टेस्लावाल्यांना वेगळा कॅमेरा घ्यायची गरज नाही. २०१८ पासून ही सोय त्यांच्या गाडीतच आली आहे.

जागा निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. कॅमेरा वायपर फिरतो त्या भागात हवा, नाहीतर पावसात नुसते थेंब दिसतील. आणि बऱ्याच नव्या गाड्यांत आरशामागे गाडीचा स्वतःचा कॅमेरा असतो, आपोआप ब्रेक लावणारा. त्याच्या नजरेआड काही येता कामा नये. आरशाच्या उजव्या बाजूला, म्हणजे पॅसेंजरकडे, कॅमेरा लावला की तो ड्रायव्हरच्या नजरेतही येत नाही. कॅलिफोर्नियात काचेच्या वरच्या मध्यभागी पाच इंचांचा चौकोन किंवा खालच्या कोपऱ्यांत ठराविक जागा, एवढीच मुभा आहे. प्रत्येक राज्याचा नियम निराळा, तेव्हा आपल्या राज्याचा आधी वाचावा. चिकटवण्यापूर्वी काच अल्कोहोलनं पुसावी. शिकागो-मिनेसोटाकडच्या मंडळींनी हे काम जानेवारीत अंगणात करू नये. गार काचेला टेप धरत नाही.

वायर नेताना खरी काळजी घ्यायची. काचेच्या वरच्या कडेला छताचं अस्तर असतं, त्यात वायर बोटानं सहज सरकते. पुढे ती काचेच्या बाजूच्या खांबातून खाली येते. त्या खांबाच्या आवरणामागे बहुतेक गाड्यांत पडद्यासारखी एअरबॅग असते. वायर एअरबॅगच्या मागून न्यायची. तिच्यावरून नेली, तर बॅग उघडताना अडते. आवरण निघत नसेल तर ओढाताण करू नये, माहीतगाराला बोलवावं. तोच न्याय डॅशबोर्डवरच्या गणपतीबाप्पालाही लागू आहे. पॅसेंजरची एअरबॅग तिथूनच उघडते, म्हणून मूर्तीची जागा तिच्यापासून दूर हवी. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी रंगाची वायर दिसली, तर तिला हात लावायचा नाही. तिच्यात प्रचंड व्होल्टेज असतं.

वीज दोन प्रकारे देता येते. सोपा मार्ग म्हणजे सिगारेट लायटरचं सॉकेट. गाडी उभी असतानाही कॅमेरा चालू हवा असेल, तर फ्यूजबॉक्समधून वीज घ्यावी लागते. त्यासाठी हार्डवायर किट आणि फ्यूज टॅप मिळतात. किटला तीन तारा: एक कायम वीज असलेल्या फ्यूजला, एक किल्ली फिरवल्यावरच वीज येणाऱ्या फ्यूजला, आणि तिसरी बॉडीच्या उघड्या धातूच्या बोल्टला. कुठला फ्यूज कसला, हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. साध्या मीटरनं तपासून खात्री करावी. एअरबॅग आणि ब्रेकच्या फ्यूजना मात्र हात लावायचा नाही. फ्यूज तीन-चार आकारांचे असतात, म्हणून दुकानात जाताना जुना फ्यूज काढून सोबत न्यावा.

आता सेटिंग. इथेच बहुतेकांचा कॅमेरा फुकट जातो. पहिलं घड्याळ. मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं बदलतात (ॲरिझोनाचा बहुतेक भाग आणि हवाई सोडून). कॅमेऱ्याचं घड्याळ आपणहून बदलत नसेल तर हातानं बदलावं. पोलीस रिपोर्टवर पाच वाजलेले आणि चित्रणावर चार, तर शंकेला जागा राहते. दुसरं कार्ड. साध्या १०८०पी चित्रणाला मिनिटाला १०० ते १५० एमबी लागतात, म्हणजे ६४ जीबी कार्डावर सात ते दहा तास मावतात. मग जुनं पुसून नवं लिहिलं जातं. हे सतत चालतं, म्हणून 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेलं कार्ड घ्यावं आणि महिन्याला फॉरमॅट करावं. तिसरं धक्क्याचं सेटिंग. ते फार संवेदनशील ठेवलं, तर हिवाळ्यानंतरच्या प्रत्येक खड्ड्याला कॅमेरा 'अपघात' समजून फाइल कुलूपबंद करतो आणि कार्ड भरून जातं.

चौथं आवाज. फेडरल कायद्यानुसार संभाषणातल्या एकाची संमती पुरते; पण कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, पेनसिल्व्हेनिया, वॉशिंग्टन यांसारख्या राज्यांत खाजगी संभाषणाला सगळ्यांची संमती लागते. कारपूलमध्ये माइक बंद ठेवणं बरं. देशातून आलेल्या सासूबाई मागे बसून मोकळेपणानं बोलत असतील, तर कायद्याखेरीज घरातल्या शांततेसाठीही! सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती गाडी देतानाही "आत कॅमेरा आहे" हे त्याला आधी सांगावं. लपवून ठेवलेला कॅमेरा त्याच्या हाती लागला, की गाडीपेक्षा विश्वासाचं नुकसान मोठं होतं.

आणि डिसेंबरात देशात जाताना विसरू नये अशी गोष्ट: पार्किंग मोड बंद करा. कॅमेरा ०.३ अँपिअर वीज ओढतो असं धरलं, तर दिवसाला सात अँपिअर-अवर जातात. बॅटरी सुमारे पन्नासची असते. चार दिवसांत अर्ध्याहून जास्त खर्च. किटमध्ये व्होल्टेज उतरल्यावर वीज तोडायची सोय असते. ती थंडीच्या प्रदेशात १२.२ किंवा त्याहून वर ठेवावी. पण चार आठवड्यांच्या मुक्कामाला कॅमेऱ्याचा प्लगच काढून ठेवलेला उत्तम. पहाटे तीन बॅगा आणि दोन झोपाळू पोरं घेऊन एअरपोर्टच्या पार्किंगमध्ये मेलेल्या गाडीपुढे उभं राहण्याची वेळ कुणावर येऊ नये.

शेवटी एक स्पष्ट सांगायला हवं. हा साक्षीदार आपल्या बाजूचा नाही. स्टॉप साइनला गाडी पूर्ण थांबली की नुसती रेंगाळली, हेही तो दाखवतो. जीपीएस असेल तर वेगही सांगतो. अपघातानंतर चित्रण आपल्याला अडचणीचं वाटलं म्हणून पुसून टाकणं हा पुरावा नष्ट करण्याचा प्रकार होतो आणि कोर्टात तो महागात पडतो. म्हणून तशी वेळ आलीच, तर आधी माणसांची विचारपूस, मग ९११. नंतर कॅमेऱ्याचं फाइल लॉक करायचं बटण दाबून कार्ड काढून ठेवावं आणि घरी गेल्यावर प्रत करावी. रस्त्यावर उभं राहून कुणाला चित्रण दाखवायची घाई करू नये; पोलिसांना "कॅमेरा आहे" एवढं सांगावं आणि बाकीचं इन्शुरन्स कंपनीशी किंवा वकिलाशी बोलून ठरवावं.

ही चार वाक्यं एका कागदावर लिहून इन्शुरन्स कार्डाशेजारी ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवा, शक्यतो मराठीतच. आई-बाबा शेजारी बसलेले असले, तर वाचून दाखवायला त्यांची मदत होते.