काळीच्या पाण्यातले फाज

‘वाहतं पाणी कधी खराब होत नाही,’ हे उत्तर कन्नडच्या जोयडा तालुक्यात काळी नदीच्या काठावर हमखास ऐकू येतं. डिग्गीच्या डोंगरातून उतरलेलं, जंगलातून आलेलं पाणी. त्याला काय धाड भरलीय? हल्ली या समजुतीला विज्ञानाचा टेकूही मिळालाय: नदीत फाज असतात आणि ते जंतू खातात. हे अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त पंचाईत.

फाज, म्हणजे बॅक्टेरिओफाज, हा जिवाणूंवर जगणारा विषाणू. १८९६ मध्ये आग्र्याच्या अर्नेस्ट हॅन्किन यांनी लिहिलं की गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात आणि पाणी उकळलं की तो गुण जातो. तो फाजचाच प्रताप होता का, यावर अजून वाद आहे. ‘बॅक्टेरिओफाज’ हे नाव फेलिक्स देरेल यांनी १९१७ मध्ये दिलं. पण गोम अशी की फाजला वाढायला त्याचा ठरलेला जिवाणू लागतो. आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूचे फाज पाण्यात भरपूर सापडले, तर त्या पाण्यात विष्ठा मिसळली असण्याचीच शक्यता जास्त. पाणी तपासणारे त्यांना दूषिततेची खूण मानतात. तेव्हा पाणी उकळूनच प्या.

‘विषाणू आहे, म्हणजे आपल्यालाही बाधणारच.’ नाही. प्रयोगशाळेतली काचेची बशी डोळ्यांसमोर आणा. तिच्यावर जिवाणूंचा थर दुधावरच्या सायीसारखा धरलेला असतो. फाजचा थेंब टाकून रात्रभर ठेवली की सकाळी त्या सायीत स्वच्छ गोल भोकं दिसतात. एकेका फाजपासून सुरू झालेला हा फडशा. शेजारी दुसऱ्या जातीचा जिवाणू असेल तर त्याच्या केसालाही धक्का लागत नाही, कारण फाजला चिकटायला लागणारी खूण त्याच्या अंगावर नसते. आपल्या पेशींवरही ती नसते.

म्हणून फाज साधुसंत ठरत नाहीत. कॉलऱ्याच्या जंतूला विष बनवायला शिकवणारा जनुक मुळात एका फाजनेच आणून दिलेला असतो. वाल्डर आणि मेकालानोस यांनी हे १९९६ मध्ये दाखवलं. कॉलऱ्याला मारणारेही फाज आणि त्याला जहरी करणाराही फाजच!

उत्तर कन्नडला ठाऊक असलेला माकडताप मात्र वेगळ्या घराण्यातला. १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडलेला हा आरएनए विषाणू पुढे गोव्यात आणि सिंधुदुर्गातही पोचला. तो मुख्यतः गोचिडीच्या चाव्यातून येतो. रुग्णाशेजारी बसून लागत नाही. अँटिबायोटिक त्याचं काहीच बिघडवू शकत नाही, कारण ते जिवाणूंवरचं औषध. फाजही इथे निरुपयोगी, त्याच कारणाने.

‘आरएनए म्हणजे डीएनएचा निरोप्या’ हा समज जरा सुशिक्षितांचा. एमएस२ नावाच्या फाजकडे डीएनए नसतोच. ३,५६९ अक्षरांचा एक आरएनए आणि त्यावर लिहिलेली चार प्रथिनं, एवढाच त्याचा संसार. १९७६ मध्ये बेल्जियममध्ये वॉल्टर फियर्स यांच्या गटाने तो संपूर्ण वाचला. कुठल्याही जीवाची वा विषाणूची पूर्ण वाचलेली ही पहिली संहिता.

आरएनएवरची अक्षरं तीन-तीनच्या गटाने वाचली जातात आणि प्रत्येक गटामागे प्रथिनात एक अमिनो आम्ल गुंफलं जातं. ‘यूएजी’ हा गट आला की काम थांबतं, तो पूर्णविराम. बदलामुळे तो मधेच पडला तर प्रथिन अर्धवट राहतं. मग काही फाज एका जिवाणूत मरतुकडे आणि दुसऱ्यात धडधाकट कसे? ॲलन गॅरेन यांच्यासोबत ओबेद सिद्दीकी यांनी १९६२ मध्ये जिवाणूंच्या एका विकरावर असंच कोडं तपासलं. काही जिवाणूंत त्या चुकीवर पांघरूण घालणारी सोय असते, असं त्यात दिसलं. ही सोय म्हणजे वाहक आरएनए: पूर्णविराम दिसला तरी तो तिथे अमिनो आम्ल बसवून वाचन पुढे रेटतो. निरोप्याचं काम नक्कीच नव्हे. त्याच वर्षी सिद्दीकींनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला.

या पूर्णविरामाला इंग्रजीत ‘अंबर’ म्हणतात. त्यामागे गूढ काही नाही. टी४ फाजच्या शोधमोहिमेत सामील झालेल्या एका विद्यार्थ्याचं आडनाव बर्नस्टाइन होतं, आणि जर्मनमध्ये त्याचा अर्थ तृणमणी, म्हणजेच इंग्रजीतला अंबर. पुढच्या दोन विरामांची नावं मग त्याच चालीवर पडली: ओकर आणि ओपल.