पिकअपमधला पहिला मुक्काम: निखाऱ्याचं घमेलं गाडीबाहेरच का ठेवायचं?

हिवाळा आला की खान्देशात बाहेर पडण्याचे बेत सुरू होतात. कुणी पालला जातं, कुणी तोरणमाळ किंवा पाटणादेवीला, तर कुणी दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेला. लॉजचा खर्च वाचावा आणि मुलांनाही मजा यावी म्हणून काही कुटुंबं घरच्याच पिकअपच्या हौद्यावर ताडपत्री बांधतात, आत गाद्या टाकतात आणि तिथेच मुक्काम करतात. बेत छान आहे, जरूर करा. मात्र धुळे-जळगावकडे डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांच्या खाली जातो. अशा थंडीत ऊब मिळवण्यासाठी केलेली एक चूक जिवावर बेतू शकते.

दवाखान्यातला एक अनुभव

जानेवारीतल्या एका सकाळी पाच जणांचं कुटुंब माझ्याकडे आलं. आदल्या रात्री शेतात भरीत पार्टी झाली होती आणि नंतर सगळे पिकअपमध्येच झोपले होते. पहाटे आई, वडील आणि दोन्ही मुलांचं डोकं ठणकत होतं. मळमळ होती, धाकटीला दोन उलट्या झाल्या होत्या. "डॉक्टर, भरीत बाधलं," असं वडील म्हणाले.

आजोबांना मात्र काहीच त्रास नव्हता. "मी पण तेच भरीत खाल्लं," ते म्हणाले. कुणालाही जुलाब नव्हते, ताप नव्हता. मी विचारलं, "आजोबा, तुम्ही कुठे झोपला होतात?" ते मागच्या बाजूला, उघड्या फाळक्याजवळ झोपले होते. बाकीचे चौघे आत, ताडपत्रीच्या बंद बाजूला होते आणि त्यांच्या पायाशी घमेल्यात निखारे होते. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून झाल्यावर उरलेले निखारे, वर थोडा कोळसा टाकून आत घेतले होते. "पण धूर अजिबात नव्हता हो," आईने सांगितलं.

भरिताचा काही दोष नव्हता. हा त्रास कार्बन मोनॉक्साइड वायूचा होता. चौघांना लगेच मोठ्या रुग्णालयात पाठवलं, तिथे ऑक्सिजन मिळाला आणि सगळे बरे झाले. धाकटी उलटी आल्यामुळे जागी झाली नसती, तर कदाचित कुणालाच जाग आली नसती.

हा वायू शरीरात काय करतो?

कोळसा, लाकूड, गॅस, पेट्रोल किंवा डिझेल पूर्ण जळलं नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि डोळ्यांची जळजळही होत नाही. म्हणूनच "धूर नाही म्हणजे धोका नाही" हा समज चुकीचा आहे. लालबुंद, धूर न करणारे निखारे हा वायू भरपूर सोडतात.

आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं. कार्बन मोनॉक्साइड त्याच हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग श्वास सुरू असतो, छाती हलत असते, पण मेंदूला आणि हृदयाला ऑक्सिजन पोहोचत नाही. झोपेत तर डोकेदुखीही कळत नाही. माणूस झोपेतून थेट बेशुद्धीत जातो.

पिकअपचा हौदा खोलीपेक्षा कितीतरी लहान असतो, त्यामुळे तिथे हा वायू लवकर साठतो. लहान मुलं, गरोदर स्त्रिया, वृद्ध, हृदयरोगी आणि रक्त कमी असलेल्या व्यक्तींना धोका जास्त असतो.

धोका फक्त निखाऱ्यांचाच नाही

डिसेंबर २०२४ मध्ये केरळातल्या वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरव्हॅनमध्ये दोन माणसं मृतावस्थेत सापडली. जनरेटरमधून निघालेला कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरल्याचं तपासात समोर आलं. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथे केरळचे आठ पर्यटक हॉटेलच्या खोलीत दगावले होते. तिथे थंडीमुळे गॅसचा हीटर सुरू ठेवलेला होता.

त्यामुळे पुढील गोष्टी लक्षात ठेवा:

- शेगडी, निखारे किंवा गॅसची शेगडी झोपायच्या जागेत नको. स्वयंपाक गाडीबाहेर, मोकळ्यावर करा.
- हीटर किंवा एसीसाठी इंजिन सुरू ठेवून गाडीत झोपू नका. सायलेन्सर गळत असेल तर धूर आत येतो.
- जनरेटर गाडीपासून किमान २० फूट लांब ठेवा. त्याचा धूर गाडीकडे येणार नाही अशी दिशा निवडा.
- "थोडी फट ठेवली आहे" या भरवशावर आत निखारे ठेवू नका. फट पुरेशी आहे की नाही, हे नाकाने कळत नाही.
- शेगडीजवळ पाण्याचं भांडं ठेवल्याने हा वायू शोषला जात नाही.
- वारंवार असे मुक्काम करणार असाल, तर बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म घ्या.

कसं ओळखाल?

- डोकेदुखी, चक्कर, मळमळ, उलटी
- खूप थकवा, पायांत बळ नसणं, छातीत धडधड
- गोंधळल्यासारखं बोलणं, उठवूनही नीट जाग न येणं

सर्वात महत्त्वाची खूण म्हणजे एकाच जागी झोपलेल्या अनेकांना एकाच वेळी त्रास होणं आणि मोकळ्या हवेत आल्यावर थोडं बरं वाटणं. अशा वेळी पित्त किंवा थंडी बाधली समजून गोळी घेऊन पुन्हा आत झोपू नका.

त्रास जाणवल्यास काय कराल?

1. ताडपत्री, फाळका, दारं उघडा आणि सगळ्यांना बाहेर काढा. मदत करणाऱ्यानेही आत रेंगाळू नये.
2. १०८ वर फोन करा. स्वतःला चक्कर येत असेल तर गाडी चालवू नका.
3. माणूस बेशुद्ध आहे पण श्वास सुरू आहे, तर त्याला कुशीवर झोपवा. तोंडात पाणी, लिंबू काहीही घालू नका.
4. श्वास थांबला असेल तर छाती दाबण्याची क्रिया, म्हणजे सीपीआर, सुरू करा.
5. डॉक्टरांना आवर्जून सांगा, "आम्ही बंद गाडीत निखारे ठेवून झोपलो होतो." या एका वाक्याने निदान लवकर होतं.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. त्या यंत्राला ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांतला फरक कळत नाही, त्यामुळे आकडा ९८ दिसला तरी माणूस गंभीर असू शकतो. खात्री रक्ताच्या विशेष तपासणीने होते, पण त्यासाठी उपचार थांबवत नाहीत.

उपचार म्हणजे मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला ४ ते ५ तास लागतात. शुद्ध ऑक्सिजनवर तेच काम साधारण १ ते दीड तासात होतं. म्हणून बाहेर आल्यावर बरं वाटलं तरी रुग्णालयात जा. गरोदर स्त्रीने तर नक्कीच जावं, कारण पोटातल्या बाळाला धोका अधिक असतो. पुढच्या काही आठवड्यांत विसरभोळेपणा, चिडचिड किंवा तोल जाणं दिसलं तर पुन्हा डॉक्टरांना दाखवा.

मग ऊब कशी मिळवायची?

- थंडी खालून जास्त लागते. हौद्याच्या पत्र्यावर आधी कोरडा कडबा किंवा जाड सतरंजी, त्यावर गादी घाला.
- स्वेटर, मोजे, कानटोपी घालूनच झोपा. अंगावर एका जाड पांघरुणापेक्षा दोन-तीन पातळ थर बरे.
- रबरी पिशवीत गरम पाणी भरून, टॉवेलात गुंडाळून पायाशी ठेवा. तान्ह्या बाळाच्या अंगाला ती लावू नका आणि त्याचं तोंड पांघरुणात झाकू नका.
- झोपण्याआधी गरम जेवण, दूध किंवा सूप घ्या. दारूने ऊब येते हा भ्रम आहे. उलट शरीरातली उष्णता बाहेर जाते आणि धोक्याच्या वेळी जाग येत नाही.
- आत शेगडी नसली तरी हवा खेळती राहावी म्हणून ताडपत्री दोन्ही टोकांना थोडी उघडी ठेवा.

आणखी एक गोष्ट. मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसं बसवून प्रवास करणं धोक्याचं आहे आणि कायद्यालाही धरून नाही. हौदा गाडी उभी केल्यावर फक्त झोपण्यासाठी वापरा.

शेकोटी जरूर पेटवा, भोवती बसून गप्पा मारा, भरीत आणि कळण्याची भाकरी पोटभर खा. मात्र झोपायला जाण्याआधी निखाऱ्यांवर पाणी ओता आणि मगच गाडीत चढा.