आजारातून उठल्यानंतरची घाटवाट

रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर हे दोन तालुके सह्याद्रीच्या ऐन पायथ्याशी वसलेले आहेत. कोकणात मोडत असूनही समुद्र त्यांच्या वाट्याला आलेला नाही. वाट्याला आले आहेत ते डोंगर. माथेरान, पेब, कोथळीगड, ढाक व इर्शाळगड हे सारे याच परिसरातले. सुटीच्या दिवशी मुंबईची तरुण मंडळी पाठीवर पिशव्या टाकून नेरळ, कर्जत व खोपोली या स्थानकांवर उतरतात, ती याच डोंगरांच्या ओढीने. पायथ्याच्या वाड्यांतील ठाकूर व कातकरी बांधव मात्र पिढ्यान्‌पिढ्या हेच चढ मोळी, भाजी वा मजुरीसाठी चढत आले आहेत. त्यांच्या चालण्याला कोणी छंद म्हटलेले नाही.

या दोहोंच्या मधला एक मोठा वर्ग आहे व प्रस्तुत लेखाचा संबंध मुख्यतः त्याच्याशी आहे. कर्जत स्थानक मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, तर खोपोली त्याहून पंधरा किलोमीटर पुढे. पहाटेची लोकल पकडून नोकरीस जावयाचे, जाताना सुमारे दोन तास व येताना तितकेच बसून वा उभ्याने काढावयाचे, रात्री घरी येऊन जेवावयाचे व झोपावयाचे, असा हजारो कुटुंबांचा दिनक्रम आहे. गृहिणीचा दिवस तर त्याआधी एक तास सुरू होतो. चाळिशी ओलांडता ओलांडता रक्तदाब, मधुमेह, गुडघ्यांचे दुखणे, क्वचित हृदयविकाराचा झटका असे पाहुणे या घरांत येऊन ठाण मांडतात. मग घरात एकच वाक्य ऐकू येऊ लागते : ‘आता तुम्ही काही करू नका, नुसते बसा.’

हे वाक्य मायेपोटीच उच्चारले जाते. परंतु ते कितपत योग्य आहे, याचा विचार करावयास हवा.

विश्रांतीची जुनी कल्पना

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खुद्द वैद्यकशास्त्राचेच मत असे होते. हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णास चार-सहा आठवडे अंथरुणात निश्चल ठेवले जाई. 1952 साली अमेरिकेतील सॅम्युएल लेव्हाइन व बर्नार्ड लाउन या डॉक्टरांनी अशा रुग्णांस लवकरच खुर्चीत बसविण्याचा उपचार प्रसिद्ध केला, तेव्हा तो धाडसाचा वाटला होता. नुसते खुर्चीत बसविणे हे धाडस! यावरून आपण किती दूर आलो आहोत, हे ध्यानात यावे.

पुढच्याच वर्षी, 1953 मध्ये, जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या बससेवेतील कर्मचाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. चालक दिवसभर बसून असे; वाहक दुमजली बसचे जिने सारखे चढत-उतरत असे. वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण चालकांपेक्षा कमी आढळले. मॉरिस यांनी पुढे गणवेशांच्या नोंदीही तपासल्या. चालकांच्या विजारींचा कंबरेचा घेर मुळातच अधिक होता, म्हणजे फरकाचा काही भाग भरतीच्या वेळचाच असावा, असे त्यातून दिसले. तरीही श्रम व हृदय यांचा संबंध पुढील असंख्य अभ्यासांनी दृढच केला. आपल्या एस.टी.च्या चालक-वाहकांना ही गोष्ट मुद्दाम सांगावी अशी आहे.

अमेरिकेतील हवाई बेटांवर तर जॅक स्कॅफ या हृदयरोगतज्ज्ञाने हृदयरुग्णांना सावकाश, लांब अंतर धावण्याचे शिक्षण देण्यास आरंभ केला. 1973 साली सुरू झालेल्या होनोलुलू मॅरेथॉनच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता.

महाराष्ट्रातील उदाहरण द्यावयाचे तर मुरलीकांत पेटकर यांचे द्यावे लागेल. सांगली जिल्ह्यातील या जवानाला 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचे अपंगत्व आले. ते मूळचे मुष्टियोद्धे. पोहणे त्यांच्या आयुष्यात आले ते उपचाराचा एक भाग म्हणून. 1972 मध्ये हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धेत 50 मीटर मुक्तशैलीत त्यांनी भारताला या स्पर्धांतील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. 2018 साली त्यांना पद्मश्री प्रदान करण्यात आली. अर्थात सर्वांनी पदक मिळवावे, असा येथे आग्रह नाही. उपचार म्हणून धरलेली गोष्ट आवड होऊन बसते, एवढेच यातून घ्यावयाचे.

किती, कसे आणि केव्हा

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यात किमान 150 मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा. दीर्घकाळचे आजार असलेल्यांनाही, प्रकृतीस झेपेल तेवढ्या बेताने, हीच शिफारस लागू आहे. मध्यम म्हणजे काय? चालताना बोलता येते परंतु गाता येत नाही, ती गती मध्यम समजावी. एकेक शब्दावर धाप लागत असेल तर वेग कमी करावा. नाडी मोजण्यापेक्षा ही बोलण्याची कसोटी पुष्कळदा अधिक भरवशाची ठरते. रक्तदाब वा हृदयविकारासाठी दिल्या जाणाऱ्या काही औषधांनी नाडी मुळातच मंद राहते व नाडीचा आकडा फसवा होतो.

हृदयविकाराचा झटका, शस्त्रक्रिया वा अँजिओप्लास्टी झालेल्या व्यक्तीने डॉक्टरांच्या संमतीशिवाय डोंगराकडे वळू नये. प्रथम सपाट रस्ता, तोही दहा मिनिटांचा. मग आठवड्या-आठवड्याने वाढ. मधुमेही व्यक्तीची अडचण निराळी आहे. इन्शुलिन वा काही विशिष्ट गोळ्या घेत असता दीर्घ श्रम केल्यास रक्तातील साखर एकाएकी उतरते. हात थरथरतात, घाम सुटतो, बोलण्यात असंबद्धता येते. म्हणून खिशात साखर वा ग्लुकोज असलेच पाहिजे व सोबत्यास त्याचा उपयोग ठाऊक असला पाहिजे. मधुमेहात पायांची संवेदना कमी होते, त्यामुळे जखम कळत नाही. घरी आल्यावर तळवे पाहण्याचे काम घरातील कोणी आपणहून अंगावर घेतल्यास ‘नुसते बसा’ म्हणण्यापेक्षा ती मोठी सेवा होईल.

छातीत दडपण, हात वा जबड्याकडे जाणारी कळ, चक्कर, अकारण धाप यांपैकी काहीही जाणवताच थांबावे आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ‘इतके आलो आहोत तर वर जाऊनच येऊ’ हा विचार घातक आहे. मला वाटते, डोंगरातील अनेक दुर्घटनांचे मूळ या एका वाक्यात असावे.

आपल्या भागातील चढ

नेरळपासून माथेरानचा माथा सुमारे साडेसातशे मीटर उंच आहे. खासगी मोटारी दस्तुरीपाशीच थांबतात. पुढे झाडांच्या सावलीतील तांबड्या मातीचे, पुष्कळसे सपाट रस्ते आहेत. त्यामुळे आजारातून उठलेल्या माणसाने दस्तुरीपर्यंत वाहनाने जाऊन पुढे चालण्यास आरंभ करावा, ही सोय इतरत्र सहसा मिळत नाही. खालून पायी चढण्याचा विचार काही महिन्यांनी करावा. उतरताना गुडघ्यांवर चढण्यापेक्षा अधिक भार येतो, हे मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. उतारावर पावले आखूड टाकावी व हाती काठी असावी.

सायकलस्वारांचे आकर्षण म्हणजे खोपोलीहून खंडाळ्याकडे चढणारा बोरघाट. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत हा चढ प्रथम सर करणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ म्हणून गौरविले जाते, हे वाचकांना ठाऊक असेलच. द्रुतगती मार्गावर सायकलींना मनाई असल्याने सायकलस्वार शिंग्रोबाच्या देवळावरून जाणारा जुना रस्ता धरतात. घाटाची वाट इंग्रजांना दाखविणाऱ्या धनगराचे हे ठाणे, अशी आख्यायिका आहे. तेथे थांबून दम घेण्यात कमीपणा नाही.

शर्यत ज्यांना मानवत नाही त्यांच्यासाठी ‘ब्रेव्हे’ हा प्रकार आहे. मूळ फ्रान्समधला हा उपक्रम मुंबई-पुण्याकडेही रुजला आहे. यात क्रमांक नसतात. 200 किलोमीटरचे अंतर साडेतेरा तासांत पुरे करावयाचे असते. थांबण्याचा वेळ धरून ताशी जेमतेम पंधरा किलोमीटर पडतात. घाईची सवय सोडून दम राखण्याची सवय लावणारा हा खेळ पन्नाशीनंतरही खेळता येतो. कार्तिकात घाट चढून आळंदीस पायी जाणाऱ्या वारकऱ्यांना या गोष्टीचे नवल वाटणार नाही.

वेळ कोठून काढावा, हा खरा प्रश्न. लोकलने जाणाऱ्याने स्थानकापर्यंतचे अंतर रिक्षाऐवजी पायी तोडले तर जाऊन-येऊन अर्धा तास सहज साधतो. आठवड्याचे पाच दिवस धरले तर दीडशे मिनिटे तेथेच पुरी होतात! त्यासाठी स्थानकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे दिवे हवेत व बाजूपट्टी मोकळी हवी. विशेषतः स्त्रिया याच कारणास्तव घराबाहेर पडत नाहीत, हे पंचायत सदस्यांनी ध्यानी घेतल्यास थोडक्या खर्चात बरेच होईल. शाळेचे मैदान सायंकाळी खुले ठेवण्याबाबत मुख्याध्यापक व ग्रामपंचायत यांना परस्परांत ठरविता येईल. तिशीवरील व्यक्तींची रक्तदाब व मधुमेह तपासणी उपकेंद्रे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत विनामूल्य होते. चालण्याचा उपक्रम सुरू करणाऱ्या मंडळाने आरंभ तेथूनच करावा.

पावसाळ्याविषयी स्वतंत्रपणे लिहिणे भाग आहे. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली. गाडीरस्ता नसल्याने बचाव पथकांना चिखलातून पायी चढून जावे लागले. खोपोलीच्या यशवंती हायकर्ससारख्या गिरिभ्रमण संस्थांच्या कार्यकर्त्यांचा अनुभव अशा वेळी मोलाचा ठरतो. अतिवृष्टीचा इशारा असताना किल्ले, धबधबे व ओढ्यांकाठच्या वाटा वर्ज्य समजाव्यात. प्रशासनाचे मनाईहुकूम त्यासाठीच निघतात. त्या दिवसांत शाळेच्या लांब ओसरीवर अर्धा तास येरझाऱ्या घातल्या तरी चालते. तेवढ्याने नेम मोडत नाही आणि पाऊस ओसरल्यावर भाद्रपदाच्या अखेरीस पुन्हा डोंगराची वाट धरता येते.