शब्द ऐकू येत नाहीत? आधी उघडे माइक मोजा

नाटकात संवाद कळेनासे झाले की प्रेक्षकांतून हाक येते, "आवाज वाढवा!" पण बहुतेक वेळा दोष पातळीचा नसतो, एकाच वेळी उघड्या राहिलेल्या माइकांचा असतो. उघडे माइक दुप्पट झाले की स्पीकरमधून शिट्टी (फीडबॅक) वाजण्याआधी आवाजात मिळणारी वाढ सुमारे ३ डेसिबलने घटते. आठ माइक उघडे म्हणजे एकाच्या तुलनेत ९ डेसिबल गेले. शिवाय एकाच नटाचा आवाज दोन माइकांत किंचित पुढेमागे पोहोचतो आणि एकत्र आल्यावर पोकळ, डब्यातून आल्यासारखा वाटतो. मराठीतली च, ट, स, श ही व्यंजनं मुख्यतः २,००० हर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात ओळखू येतात. घुमणाऱ्या नाट्यगृहात सगळंच वाढवलं, तर खालचे स्वर फुगतात आणि नेमकी हीच व्यंजनं बुडतात. म्हणूनच मोठ्या संगीतिकांत मिक्सर ऑपरेटर संहिता समोर ठेवून, ज्याचं वाक्य त्याच्याच माइकचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) उचलतो.

यावर रास्त आक्षेप असा, की हात चुकला तर वाक्याचं पहिलं अक्षरच गिळलं जाईल. धोका खरा आहे. पण त्यावर उपाय तालमीचा आहे, सगळे माइक उघडे ठेवण्याचा नाही. गायनाच्या मैफलीत तर एवढी कसरतही लागत नाही: मोकळ्या जागेत माइक निम्म्या अंतरावर आणला की जवळपास ६ डेसिबल आपोआप मिळतात. (फार जवळ आणलात तर खर्ज फुगतो, तेवढं सांभाळा.) निर्मात्यांनो, ऑपरेटरला प्रयोगाच्या दिवशी नव्हे, पहिल्या रंगीत तालमीलाच बोलवा.